पॅलिओवर टीका करा, पण नीट माहिती घेऊन

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला फॅड डाएटवरचा लेख वाचला. पॅलिओला, म्हणजे शेती सुरू व्हायच्या आधीचा माणूस खायचा तसं खाण्याच्या पद्धतीला, त्यात चार ओळींत निकालात काढलंय: गुहेतल्या माणसासारखं मटण चापायचं आणि भात-पोळीला हात लावायचा नाही, झालं. आमच्या घरी बऱ्यापैकी याच पद्धतीचं जेवण असतं आणि ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, लग्नाकार्यात सगळीकडे हेच ऐकावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी मटणाचं. धान्य, डाळी, दूध, साखर आणि पाकिटातले पदार्थ नाहीत म्हणजे उरलं फक्त मांस, असं लोक धरूनच चालतात. अहो, ताटात सगळ्यात जास्त भाजी असते! आमच्याकडे परवा सुरणाचे काप होते, घशाला खाजू नये म्हणून आमसुलाच्या पाण्यात ठेवलेले आणि मग हळद-तिखट-मीठ लावून खोबरेल तेलात परतलेले, बरोबर तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि लाल माठाची भाजी भरपूर खोबरं घालून. मासे तळायचे तर रवा किंवा तांदळाचं पीठ लावायचं नाही, एवढाच काय तो फरक. यात परदेशी काय आहे? महाग म्हणणाऱ्यांनी पापलेट-सुरमई बाजूला ठेवून मांदेली, बांगडा विचारून बघावा. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अंडी आहेत, सुकट आहे, फक्त सुकटीत मीठ फार असतं, बीपीवाल्यांनी ती जपूनच खावी.

दुसरा ठरलेला आक्षेप, तो आदिमानव तिशीत मरायचा, त्याचं कसलं अनुकरण करता. आता सरासरी आयुर्मान म्हणजे काय हे समजून घ्या. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशाचं सरासरी आयुर्मान 32 च्या आसपास होतं, मग तेव्हा घरोघरी आजी-आजोबा नव्हते का? होते की. लहान मुलं खूप दगावायची म्हणून सरासरी खाली यायची. जंगलात राहणाऱ्या माणसाचंही तेच, तो जंतुसंसर्गाने, अपघाताने, बाळंतपणात जायचा, कंदमुळं खाऊन नाही.

आणि आपले आजोबा-पणजोबा भात खाऊनच जगले ना, असं माझ्या सासूबाईसुद्धा म्हणतात. खरंय त्यांचं. पण ते हातसडीचा तांदूळ खाऊन दिवसभर शेतात राबायचे, आपण पॉलिश केलेला भात खाऊन लोकलमधून ऑफिसात आणि ऑफिसातून सोफ्यावर. 2023 साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासाने देशात 10 कोटींवर मधुमेही असल्याचं सांगितलं, तेव्हा ताटातला भात-पाव-बिस्किटांचा ढीग कमी करा म्हटलं तर त्यात चुकलं काय?

पण काही आक्षेप खरे आहेत आणि पॅलिओवाल्यांनी ते सरळ मान्य करावेत. शेतीआधी माणूस धान्य खातच नव्हता हे टिकत नाही. जॉर्डनमध्ये 14,400 वर्षांपूर्वीच्या भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे सापडलेत, म्हणजे शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधी. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननातही साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे जव मिळालेत, तेव्हा आपलं पोट धान्याला अगदीच अनोळखी आहे असं म्हणता येत नाही. डाळींवरची बंदी तर मला अजिबात पटत नाही. कच्च्या कडधान्यात लेक्टिन नावाचं पोटाला त्रास देणारं प्रोटीन असतं हे खरं, पण आपण कडधान्य कच्चं खातो कधी, भिजवून कुकरला चांगल्या शिट्ट्या दिल्या की ते बहुतेक निघून जातं. त्यामुळे आमच्याकडे मुगाचं वरण असतं, कुणी याला पॅलिओ म्हणायचं नाही म्हटलं तरी चालेल.

पुरावा काय, असंही विचारतात, आणि हा प्रश्न योग्यच आहे. स्वीडनमध्ये 2007 साली स्टाफान लिंडेबर्ग या डॉक्टरांनी हृदयरोग आणि वाढलेली साखर असलेल्या 29 पुरुषांवर 12 आठवडे प्रयोग केला, त्यात पॅलिओ घेणाऱ्यांची साखर भूमध्य सागरी पद्धतीचं खाणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. चांगलं आहे, पण माणसं 29 आणि आठवडे 12, यावरून वीस वर्षांनी काय होईल ते कळत नाही. तेवढंच म्हणावं, जास्त नाही.

दूध बंद केलं तर हाडांचं काय, याचं उत्तर काटे चावून खाता येतील अशी बारीक मासळी, तीळ, शेवग्याचा पाला. पण ते रोजच्या रोज ताटात यायला हवं, नुसतं दूध तोडून मोकळं होणं चुकीचं. उपवासाचं म्हणून साबुदाणा चालेल का असं विचारणारेही भेटतात, तर तो धान्य नसला तरी कंदातून काढलेला निव्वळ स्टार्च आहे, त्यापेक्षा रताळं उकडून खा.

ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना न विचारता भात-पोळी एकदम बंद करू नये, साखर फार खाली जाऊन चक्कर येते, माणूस बेशुद्धही पडू शकतो. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती घ्यायचं तेही डॉक्टरच ठरवतील. तुमच्या लेखात हे एक वाक्यसुद्धा नव्हतं याचं खरंच वाईट वाटलं, कारण असे लेख वाचून लोक सोमवारपासून डाएट सुरू करतात.

आणि जे अंडंही खात नाहीत त्यांना मी स्वतःहून सांगते की कडक पॅलिओ करू नका, डाळ-दूध दोन्ही सोडलंत तर प्रोटीन आणि बी-12 आणणार कुठून? मैदा, साखर, फरसाण, बिस्किटं सोडा, डाळ-दही ठेवा. पुढच्या वेळी कृपया एखाद्या आहारतज्ज्ञाकडून शाकाहारी माणसासाठी हे नीट लिहून घ्या, आमच्या बिल्डिंगमध्ये मला सगळ्यात जास्त हाच प्रश्न विचारतात.

– एक वाचिका, दादर, मुंबई