एकच कुकर घ्या, पण पारखून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिक्षणासाठी परगावी निघालेल्या मुलामुलींनी स्वयंपाकाची कोणती भांडी बरोबर न्यावीत, याची यादी आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत आली होती. त्यात राइस कुकर, स्टीमर, इडलीपात्र, कढई, नॉनस्टिक पॅन आणि तीन पातेली होती. नाशिकच्या भांडी बाजाराजवळ माझं कुकर आणि गॅस शेगड्या दुरुस्त करायचं दुकान आहे. जून उजाडला की आईवडील मुलांना घेऊन बाजारात येतात, अशाच याद्या हातात घेऊन फिरतात आणि खर्चाच्या आकड्याने कावरेबावरे होतात. मुलाच्या खोलीत एक शेगडी आणि एक फळी असते. एवढी भांडी ठेवायची कुठे आणि घासायची कोणी?

माझं म्हणणं असं, की पाच लिटरचा, रुंद तोंडाचा, जाड बुडाचा एक स्टीलचा प्रेशर कुकर, त्यात बसणारे दोन डबे, एक जाळी आणि एक झाकणी एवढ्यावर दोन-तीन माणसांचा स्वयंपाक नीट होतो. पोळ्यांसाठी तवा लागेल, तेवढा वेगळा घ्यावा.

कुकर म्हणजे वरण-भात लावायचं भांडं, असं आपण धरून चाललो आहोत. झाकण बाजूला ठेवलं तर तेच जाड बुडाचं पातेलं आहे. आमच्या घरी होळीला पुरण कसं होतं ते सांगतो. हरभऱ्याची डाळ कुकरमध्ये शिजते. वाफ जिरली की डाळ चाळणीत उपसायची, खाली आलेला कट आमटीसाठी काढून ठेवायचा. मग त्याच कुकरमध्ये, झाकण न लावता, डाळ आणि गूळ एकत्र करून पुरण आटवायचं. उलथनं उभं राहिलं की पुरण झालं. ते काढून कुकर धुतला की त्यातच फोडणी करायची आणि कट ओतून आमटी उकळायची. सणाचा अर्धा स्वयंपाक एका भांड्यात झाला. मटणाचंही तसंच. कांदा-खोबऱ्याचं वाटण त्यातच परतायचं, मटण त्यातच चांगलं भाजून घ्यायचं, मग पाणी घालून झाकण लावायचं. आधी कढईत परतून मग कुकरमध्ये ओतलं, तर कढईच्या तळाला धरलेला मसाला, म्हणजे खरी चव, घासणीबरोबर मोरीत जाते.

हे सगळं जमायला बूड जाड हवं. पातळ बुडाच्या कुकरला पुरण लागतंच. स्टील उष्णता सगळीकडे सारखी पसरवत नाही, ज्योत जिथे लागते तिथेच ते तापतं. म्हणून चांगल्या स्टीलच्या कुकरला खाली स्टीलच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती दाबून बसवलेली असते. दुकानात कुकर उलटा करून बघा, ही चकती कडेने स्पष्ट दिसते. इंडक्शनची शेगडी असेल तर बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर चालेल, नाही चिकटला तर तो कुकर त्या शेगडीवर तापणारच नाही.

ॲल्युमिनियमचा कुकर स्वस्त असतो, हलका असतो, सारखा तापतो. ज्याच्याकडे आहे त्याने तो फेकून देण्याची काही गरज नाही, डब्यात वरण-भात लावायला तो उत्तम. पण एकाच भांड्यात सगळं करायचं, तर आमसूल, चिंच, टोमॅटो, ताक हे थेट त्याच भांड्यात पडणार, आणि आंबट पदार्थांची ॲल्युमिनियमशी क्रिया होते. सोलकढी किंवा कढी त्यात ठेवून द्यायचा तर विचारही करू नये. म्हणून एकच घ्यायचा असेल तर चार पैसे जास्त घालून स्टीलचा घ्या. ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडला म्हणून घाबरून माझ्याकडे आणणारे बरेच असतात. ते पाण्यातल्या क्षारांमुळे होतं. डबे लावताना तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बुटुक टाकलं की होत नाही.

झाकणाचे दोन प्रकार असतात. हॉकिन्सच्या नेहमीच्या कुकरचं झाकण आत जाऊन खालून कडेला बसतं. आत वाफ असेपर्यंत तीच वाफ झाकण दाबून धरते, त्यामुळे ते घाईने कोणी उघडू शकत नाही. लहान मुलं किंवा विसराळू माणसं असलेल्या घरात मी हाच सांगतो. पण त्याचं तोंड पोटापेक्षा अरुंद असतं, उलथनं सगळीकडे फिरत नाही. प्रेस्टिजच्या नेहमीच्या कुकरसारखं बाहेरून बसणारं झाकण असेल तर तोंड पूर्ण मोकळं मिळतं. परतणं, आटवणं, घासणं सगळं सोपं जातं. एका भांड्यावर संसार चालवायचा असेल तर बाहेरच्या झाकणाचा कुकर जास्त उपयोगी, हे माझं मत आहे. मात्र वाफ जिरल्यावर शिट्टी उचलून, आत काही राहिली नाही याची खात्री केल्याशिवाय त्याच्या दांड्याला हात लावायचा नाही, हे मुलांना बजावून सांगा.

आणि आयएसआयची खूण. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 2347 हे मानक घरगुती प्रेशर कुकरसाठी आहे आणि 2021 पासून ती खूण असल्याशिवाय कुकर विकताच येत नाही. तरी ते विकले जातात. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानकात न बसणारे कुकर विकू दिल्याबद्दल मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला होता आणि ग्राहकांना पैसे परत द्यायला लावले होते. खुणेच्या वर मानकाचा आकडा आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाच्या मोबाइल ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे का, ते तिथल्या तिथे कळतं. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून हे करायला लागलं तर चोरटा माल ठेवणाऱ्याला जरब बसेल.

आता वापराबद्दल. आपल्याकडे पाककृतीत 'तीन शिट्ट्या काढा' असं लिहितात. मोठ्या ज्योतीवर तीन शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, बारीक ज्योतीवर पंधरा मिनिटं लागतात. मग डाळ कधी कच्ची, कधी गाळ. शिट्टी झाली याचा अर्थ आतला दाब पूर्ण भरला. त्या वेळी आत सुमारे 120 अंश सेल्सिअस तापमान असतं. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांच्या पुढे जात नाही, म्हणून तिथे वेळ लागतो. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ बघा. आमच्याकडे तुरीच्या डाळीला दहा मिनिटं, भिजवलेल्या छोल्यांना आणि राजम्याला वीस मिनिटं पुरतात. त्यापुढची प्रत्येक शिट्टी म्हणजे गॅस वाया जातो आहे.

कुकर गळ्यापर्यंत भरू नका. एरवी दोन तृतीयांश आणि डाळ-तांदळासारखं फेसाळणारं काही थेट आत शिजवत असाल तर निम्माच. डाळीत चमचाभर तेल घातलं की फेस कमी येतो. डाळीची सालं आणि फेस वाफेच्या नळीत जाऊन बसतात, आणि कुकरचे बरेच अपघात तिथून सुरू होतात. झाकण धुतलं की नळी उजेडाकडे धरून बघायची. पलीकडचं दिसलं पाहिजे. शेवया, ओट्स, साबुदाणा हे पदार्थ दाबाखाली शिजवूच नयेत, ते नळी बुजवतात. आणि डाळीच्या कुकरची शिट्टी चमच्याने उचलून वाफ सोडू नका, पिवळा फवारा थेट छताला जातो. कुकरची वाफ आपली आपण जिरू द्यावी. तेवढ्या वेळात आतल्या वाफेवर भातही छान मुरतो.

शिट्टी काढून ठेवली की हाच कुकर मोदकपात्र होतो. तळाला दोन पेले पाणी, जाळी, वर केळीचं पान किंवा ओलं फडकं, आणि मोदक. झाकण लावायचं, शिट्टी नाही. इडली, ढोकळा, अळूवड्यांचे उंडे, कोथिंबीर वड्या सगळं असंच. वेगळा स्टीमर कशाला?

एका गोष्टीला मात्र माझा विरोध आहे. 2020 च्या टाळेबंदीपासून कुकरमध्ये मीठ किंवा वाळू घालून, पाण्याशिवाय, केक भाजायची पद्धत घरोघरी पोचली. माझ्याकडे बूड फुगलेले, डुगडुगणारे कुकर येतात, त्यातले कितीतरी या केकचे असतात. बूड फुगलं की ते पुन्हा सपाट होत नाही आणि इंडक्शनवर तर तो कुकर बाद. जुना, दाबासाठी निकामी झालेला कुकर असेल तर त्यात खुशाल भाजा. रोजच्या कुकरमध्ये नको. तसंच दाबाखाली तेलात तळण्याच्या फंदात कोणीही पडू नये.

परदेशातल्या आपल्या लोकांत विजेवरच्या कुकरची चलती आहे. त्यातला इन्स्टंट पॉट कॅनडातल्या कंपनीने 2010 मध्ये आणला. माझी भाची न्यू जर्सीत तोच वापरते आणि खूश आहे, बटण दाबून कामाला जाता येतं. पण त्यातला दाब गॅसवरच्या कुकरपेक्षा कमी असतो, म्हणून आपल्या पाककृतीतला वेळ वाढवावा लागतो. आणि त्यातल्या मंद शिजवण्याच्या सोयीवर राजमा थेट टाकू नये. राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते मंद आचेवर जात नाही, आधी खळखळून उकळी द्यावी लागते. दाबाखाली शिजवला तर ही अडचण येत नाही.

शेवटचा मुद्दा सुट्या भागांचा, आणि तो मला सगळ्यात जवळचा आहे. सन 1679 मध्ये देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनमध्ये वाफेच्या दाबावर शिजवणारं भांडं दाखवलं आणि त्यालाच पुढे जादा वाफ सोडणारी झडप बसवली. तेव्हापासून या भांड्याची सुरक्षितता झडपेवर आहे. आपल्या कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये ठरावीक उष्णतेला वितळणारा धातू असतो. नळी तुंबली किंवा पाणी आटलं की तो वितळतो आणि वाफेला वाट करून देतो. मध्यंतरी एक ताई कुकर घेऊन आल्या, 'रबर बदलून द्या' म्हणाल्या. पाहतो तर कोणा कारागिराने सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी चक्क नटबोल्ट आवळून दिला होता. त्या बाई रोज त्या कुकरसमोर उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या. माझे हात थरथरले. व्हॉल्व्ह एकदा उडाला की त्याच कंपनीचा नवा बसवा, आणि तो का उडाला हे आधी शोधा. रबर ताठ झालं, चिरलं की बदला. त्याला दोरा गुंडाळू नका, कडेला कणीक लावू नका, आणि शिट्टीवर वजन तर कधीच ठेवू नका. ज्या कंपनीचं रबर आणि व्हॉल्व्ह तुमच्या गावात मिळत नाही, तिचा कुकर कितीही देखणा असला तरी घेऊ नका.

आपल्या पुरवणीला विनंती अशी, की पुढच्या जूनमध्ये भांड्यांची यादी छापाल तेव्हा तिच्याशेजारी आयएसआयची खूण कशी वाचायची याचं एक चित्र आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा फोटो जरूर छापा. अस्सल व्हॉल्व्ह आणि बाजारात मिळणारा नकली व्हॉल्व्ह असे दोन्ही फोटोसाठी मी माझ्या दुकानातून देईन.

आपला नियमित वाचक,
एक कुकर दुरुस्ती कारागीर, नाशिक