बाबा, तो पक्षी आहे, तुम्ही नाही

आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. हे पत्र बाबांनी चष्मा लावून स्वतः वाचायचंय, आईने वाचून दाखवायचं नाही, कारण ती नको ती वाक्यं गाळते हे मला चांगलं माहितीये.

आधी भांडते, मग बाकीचं. सोलापूरच्या लग्नाहून येताना रात्री दोन वाजता बाबांनी गाडी हातात घेतली हे मला ना दादाने सांगितलं ना आईने, मावशीने सांगितलं, आणि तेही हसत, की तुझे बाबा रिटायर झाले तरी अजून एसटीची रातराणीच चालवतात गं. मग आईला खोदून खोदून विचारलं तेव्हा कळ्ळं की टेंभुर्णीच्या अलीकडे गाडी डांबर सोडून साइडच्या मुरमावर उतरली होती. बाबा म्हणे खड्डा चुकवला. आई म्हणते तिथे खड्डाबिड्डा काही नव्हता.

बाबा, दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलं होतं, पक्षी झोपलेले बघायला तुला पगार कोण देतं. तेव्हा मी हसण्यावारी नेलं, आज नीट सांगते, कारण आता त्याची गरज पडलीय.

मी जिथे आहे ते झेविझन, जर्मनीत म्युनिकच्या खाली, जंगल, एक छोटं तळं आणि त्यात पक्ष्यांवर संशोधन करणारी आमची संस्था. कोनराड लोरेन्ट्स म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांच्यामागे हंसांची पिल्लं आई समजून रांगेत चालायची, 1973 चं नोबेल त्यांना अशाच अभ्यासासाठी मिळालं, ते इथेच काम करायचे. पण तुम्हाला वाटतं तसं मी दुर्बीण घेऊन झाडाखाली बसत नाही. पक्ष्याच्या डोक्यावर एक इवलंसं यंत्र बसवतात, ते मेंदूच्या लहरी आणि डोक्याची हालचाल साठवून ठेवतं. पक्षी सोडून द्यायचा, तो परत आला की पकडून यंत्र काढून घ्यायचं, आणि मग माझ्यासारखीने स्क्रीनसमोर बसून त्या रेघा वाचायच्या. 4-4 सेकंदांचे तुकडे पाडतो आम्ही, म्हणजे एका पक्ष्याच्या एका दिवसाचे 21,600 तुकडे, आणि प्रत्येकावर शिक्का: जागा, गाढ झोप, स्वप्नाची झोप. कॉम्प्युटर पहिला हात फिरवतो पण तो चुकतो, मग डोळे माझेच जातात. जागेपणी रेघ बारीक थरथरते, गाढ झोपेत मोठ्या संथ लाटा येतात, आणि स्वप्नाची झोप पक्ष्यांना काही सेकंदच लागते, तेवढ्यात मान खाली पडते, अगदी कीर्तनात आईची पडते तशी. (आई, रागावू नकोस.)

आता मुद्द्याचा पक्षी. फ्रिगेट. पंख पसरले की दोन मीटरच्या वर, आयुष्य समुद्रावर, आणि गंमत म्हणजे पाण्यावर बसता येत नाही कारण पिसं भिजतात. यातलेच काही कधीमधी पावसाळी वादळात भरकटून आपल्या कोकण किनाऱ्यावर येतात. तर इथल्या नील्स राटेनबोर्ग यांच्या टीमने गॅलापागोस बेटांवर घरटी असलेल्या फ्रिगेटच्या माद्यांना यंत्रं बसवली, त्या खायला शोधायला निघाल्या त्या 10-10 दिवस, 3,000 किलोमीटरपर्यंत, कुठेही न टेकता. परत आल्यावर रेघा बघितल्या तर झोप सापडली! उडता उडता. आणि बरेचदा अर्ध्या मेंदूची. एक बाजू झोपलेली, दुसरी जागी, आणि गोल घिरट्या घेत वर चढताना जो डोळा जागा तो वळणाच्या दिशेचा. 2016 साली हे छापून आलं.

मला दिसतंय, तुम्ही इथे वाचायचं थांबवून आईला म्हणताय, बघ, मी काय सांगत होतो, सवयीचा माणूस झोपेत पण गाडी नेतो. थांबा. पुढे वाचा. हवेत असताना तो पक्षी दिवसाला सरासरी फक्त 42 मिनिटं झोपतो, तीही सलग नाही, एकेक तुकडा साधारण 12 सेकंदांचा, बहुतेक रात्री आणि चढत्या हवेत, आणि जमिनीवर आला की 12 तासांच्या वर ताणून देतो. म्हणजे त्यालाही हे परवडतं असं नाही, तो भागवून नेतो. तुम्ही ड्युटीवरून सकाळी यायचा आणि मधल्या खोलीच्या खिडकीला सोलापुरी चादर ठोकून दुपारी तीनपर्यंत झोपायचा, आई कुकर लावायची नाही शिट्टी होते म्हणून, डाळ पातेल्यात शिजायची आणि आम्ही अंगणात मुक्यासारखे खेळायचो. तुमची 31 वर्षांची विनाअपघात सेवा, तो बिल्ला कपाटात आहे तो, तो स्टिअरिंगवर झोपता येत होतं म्हणून नाही मिळालेला बाबा, तो त्या चादरीमुळे मिळालाय. आणि भिगवणच्या चहामुळे, आणि कंडक्टरकाका रात्रभर बडबडायचे त्यामुळे. लग्नाच्या दिवशी तुम्ही पहाटे पाचपासून उभे होता. चादर कुठे होती?

अजून एक. अंटार्क्टिकाजवळ किंग जॉर्ज बेटावर चिनस्ट्रॅप पेंग्विन असतात, हनुवटीखाली काळी रेघ असलेले. ते अंड्यांवर बसलेले असताना दिवसाला 10,000 पेक्षा जास्त डुलक्या घेतात, एक डुलकी साधारण 4 सेकंदांची, बेरीज 11 तासांच्या वर जाते. 2023 चा अभ्यास आहे. मजेशीर भाग असा की वसाहतीच्या कडेला बसणाऱ्यांच्या डुलक्या मधल्यांपेक्षा मोठ्या निघाल्या, मध्यभागी शेजाऱ्यांची कटकटच फार, आपल्या गल्लीसारखी. पण मला तो 4 सेकंदांचा आकडा बघून तुमची गाडी आठवली. ताशी 80 ने 4 सेकंद म्हणजे 89 मीटर. आठ एसटी एकामागे एक लावा एवढं अंतर. पेंग्विन तेवढ्यात जागचा हलत नाही, तुम्ही टेंभुर्णीच्या मुरमावर होता. आणि माणसाची अशी डुलकी उघड्या डोळ्यांनीही लागते, नंतर विचारलं तर माणूस शपथेवर सांगतो मी जागाच होतो. खोटं नाही बोलत तो, त्याला कळलेलंच नसतं. म्हणून तुम्हाला खड्डा दिसला.

अर्ध्या मेंदूचं थोडंसं माणसातही असतं हेही सांगून टाकते, नाहीतर दादा गूगल करून मला खोटं पाडेल. नव्या जागी पहिल्या रात्री आपल्या मेंदूची डावी बाजू जरा कमी गाढ झोपते, आवाजाकडे कान ठेवून. आईला मामाकडे पहिल्या रात्री झोप येत नाही ते नाटक नाही. पण ते दार वाजलं तर उठायला पुरतं, गाडी चालवायला नाही.

आता आई, तुझं. अमेरिकेत इंडियानाला 1999 मध्ये मॅलार्ड बदकं ओळीने बसवून बघितली होती. मधली बहुतेकदा दोन्ही डोळे मिटून झोपतात, टोकाची मात्र जास्त वेळा एक डोळा उघडा ठेवतात, तोही बाहेरच्या बाजूचा, आणि थोड्या थोड्या वेळाने उलटी फिरून बसतात, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही झोप मिळावी. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तू दाराच्या बाजूला झोपायचीस ते आठवलं, आम्ही दोघं भिंतीकडे. बाबा रातराणीवर असले की तू अशीच. तुझ्या गोष्टीतली चक्रवाकाची जोडी आठवते? रात्री नदीच्या दोन काठांना. पण त्या लग्नाच्या रात्री तर सगळी गाडी घोरत होती आणि मागच्या सीटवर एकटी तू जागी, आणि ओरडलीस म्हणून हे पत्र लिहायला माणसं शिल्लक आहेत. मला फोन करून हे सांगितलं का नाहीस? बाबांना लाज वाटेल म्हणून? बाकी गोळ्या, गुडघे सगळं सांगतेस.

तर दोन गोष्टी. बाबा, अंधार पडल्यावर स्टिअरिंग नाही. गावात स्कूटर चालवा, दिवसा शेतावर गाडी न्या, मी काही म्हणत नाही. दुसरं, मी फेब्रुवारीत पाच आठवडे येतेय, तिकीट काढलंय. आपण पहाटे कुंभारगावला जाऊन होडीत बसू, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असतील, पट्टकदंब हंसही अजून गेले नसतील, ते हिमालय ओलांडून येतात, त्यांचं वेगळं सांगेन.

विमान मुंबईला रात्री दीडला उतरतं. एअरपोर्टवर कोणीही यायचं नाही, दादाच्या गाडीत बसूनसुद्धा नाही. मी उजाडेपर्यंत तिथेच बाकड्यावर थांबेन आणि सकाळची एसटी धरून येईन. इंदापूर आलं की उठवा म्हणून कंडक्टरला सांगेन आणि झोपेन, पण त्याआधी ड्रायव्हरचे डोळे एकदा बघून घेईन.

तुमची,
रजू