तुम्ही मला जे करू दिले नाही, त्याबद्दल : सुभेदारकाकांना जाहीर पत्र

आदरणीय सुभेदारकाका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

कोणी आभार मानलेले तुम्हाला खपत नाहीत, हे गेल्या साडेतीन वर्षांत मला पुरते कळून चुकले आहे. मागच्या दिवाळीत मी तसा विषय काढला, तेव्हा चहाची कपबशी खाली ठेवून "आधी मागच्या पाट्यांच्या शॅकलला ग्रीस मार" एवढेच तुम्ही म्हणालात आणि बोलणे तिथेच संपले. पत्राला मात्र मध्येच तोडता येत नाही. ते जाहीर लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या भागात कुणाच्या ना कुणाच्या परड्यात एखादी जुनी फौजी गाडी ताडपत्रीखाली उभी असते आणि तिच्या मालकाचा हात पान्याकडे शिवशिवत असतो. मला जसे कुणीतरी वेळेवर थांबवले, तसे त्या माणसालाही थांबवणारे कुणीतरी हवे.

वाचणाऱ्यांसाठी गाडीची ओळख थोडक्यात करून देतो. ही डॉज डब्ल्यूसी-५१, पाऊण टनी, चारही चाकांना जोर असलेली 'वेपन्स कॅरियर'. अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या मौंड रोड कारखान्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा एक लाखाहून अधिक गाड्या तयार झाल्या. आमच्या गाडीच्या डॅशवरील पट्टीवर १९४३ साल कोरलेले आहे. ते वाचून तुम्ही हसलात आणि म्हणालात, की ईएमईची, म्हणजे फौजेची गाड्या आणि यंत्रे दुरुस्त करणारी, कोअरही १९४३ चीच आणि मीही. लढाई संपल्यावर फौजेने काढून टाकलेला माल डिस्पोजलच्या लिलावात निघाला. त्यातच माझ्या आजोबांनी १९४८ साली, म्हणजे कोल्हापूर अजून संस्थान असताना, ही गाडी पुण्याच्या बाजूने विकत आणली. पुढे सव्वीस वर्षे तिने आमच्या गुऱ्हाळावरून गुळाचे रवे शाहूपुरीच्या पेठेत नेले. लिटरला तीन-चार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला १९७३ नंतरचे पेट्रोलचे भाव पेलले नाहीत. १९७४ च्या हंगामानंतर ती चिपाडाच्या खोपीशेजारी उभी राहिली, ती उभीच. गावात आमच्या घराला अजूनही 'डाजवाले' म्हणतात. माझ्या पिढीने मात्र तो डाज चालताना पाहिलेला नव्हता.

डिसेंबर २०२१ मध्ये मी ती खोपीबाहेर काढली, तेव्हा माझा बेत पक्का झालेला होता. एका गॅरेजवाल्याने भंगारातल्या पिकअपचे डिझेल इंजिन बसवून पंधरा दिवसांत गाडी रस्त्यावर आणण्याचा शब्द दिला होता आणि विसारही घेतला होता. ते काम सुरू होण्यापूर्वी जुने इंजिन सुटते का, हे ट्रॅक्टरला दोर बांधून, गाडी गिअरमध्ये टाकून, ओढून पाहायचे असे मी ठरवले होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ज्या लेथवाल्याकडे मी दोराचा हूक जोडायला गेलो, त्याने माझे सगळे ऐकून घेतले, हूक बाजूला ठेवला आणि तुमच्या घराचा रस्ता सांगितला. हूक त्याने जोडून दिला नाही, ही गोष्ट मला पुष्कळ दिवसांनी लक्षात आली.

तुम्ही आलात, गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्यात, आणि बॉनेट न उघडताच आधी खाली वाकून चेंबरचा नट सैल केलात. सत्तेचाळीस वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाच्या तळाशी पाणी असेल, तर ते तेलाच्या आधी बाहेर येते. पहिला थेंब तेलाचाच पडला. तो बोटांवर चोळून तुम्ही वास घेतलात. मग सहाही प्लग जागेवर आहेत, हे मोजून पाहिलेत. बाहेरचे पाणी आत शिरायला वाटच मिळालेली नव्हती. "हे इंजिन जाम झाले आहे, खराब झालेले नाही," असा निर्वाळा तुम्ही दिलात आणि ट्रॅक्टरचा दोर स्वतःच्या हाताने सोडून गुंडाळून ठेवलात. जाम पिस्टनला मागून सुमारे अडीच टनांच्या गाडीचा झटका बसला, तर पिस्टन सुटण्याआधी रिंगा तुटतात आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, हे तुम्ही काडीने मातीत चित्र काढून दाखवले होते. ते चित्र दुसऱ्या दिवशी कोंबड्यांनी उकरून टाकले, पण माझ्या डोक्यातून गेले नाही.

त्यानंतरचे सतरा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही, कारण त्या दिवसांत काहीच घडले नाही. प्लग काढून प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतायचे, रोज संध्याकाळी इंजिन फिरवायचे हँडल लावून फक्त तळहाताचा जोर द्यायचा, उभे राहून अंगाचा भार टाकायचा नाही, आणि हँडल हलले नाही तर काढून ठेवून जेवायला जायचे, एवढेच काम तुम्ही मला नेमून दिले होते. घरातल्यांनी माझी यथेच्छ थट्टा केली. आठव्या दिवशी मी हँडलला पाइप लावून पाहणार होतो. तुम्ही फोनवर माझा आवाज ऐकूनच ते ओळखलेत आणि पाइप कुठे आहे, असे विचारलेत. अठराव्या संध्याकाळी हँडल बोटभर हलले. ते पुढे ओढू नकोस, तेवढेच मागे घे, हे तुमचे सांगणे मी आधी वहीत लिहून ठेवले होते, म्हणूनच त्या आनंदाच्या भरात मी काही मोडून बसलो नाही.

डिझेलचा विसार बुडाला. त्याची हळहळ मला बरेच दिवस वाटत होती, हे आज कबूल करतो. नवे इंजिन बसवायचे, तर चासीवरचे मूळ आधार कापावे लागले असते आणि एकदा कापलेले पुन्हा जुळवता आले नसते. तुम्ही याहून अधिक काही बोलला नव्हता.

आता पाण्याच्या नळीची गोष्ट. या सबंध कामात तुमचे सर्वांत मोठे उपकार मी तीच समजतो. या इंजिनाचे व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणात, नसून ब्लॉकमध्ये, म्हणजे खालच्या मुख्य ओतीव भागात, सिलिंडरच्या बाजूला बसवलेले आहेत. २३० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ३.८ लिटरचे, सहा सिलिंडरचे आणि ९२ अश्वशक्तीचे हे इंजिन १२ फेब्रुवारी २०२३ रोजी पहिल्यांदा सुरू झाले. व्हॉल्व्ह घासून बसवले होते, कार्ब्युरेटर तीनदा उघडला होता, पॉइंट आणि कंडेन्सर मुंबईतल्या एका जुन्या दुकानात मिळाले होते. एके काळी कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो जोडल्या जात, त्याचा एवढा फायदा आमच्या पदरात पडला. इंजिन दहा मिनिटे शिवणयंत्रासारखे चालले आणि मग मागच्या बाजूने ठोके देऊ लागले. पाण्याच्या तापमानाचा काटा मात्र जागच्या जागी होता. मी रेडिएटरला दोष दिला आणि तुम्हाला न विचारता त्याची नवी जाळी भरून घेतली. पैसे गेले, ठोके राहिले.

तुम्ही आलात, वाटीभर पाणी मागितलेत आणि चालू इंजिनाच्या हेडवर पुढून मागे, रांगोळीची रेघ ओढावी तसे थेंब सोडत गेलात. पुढचे थेंब पसरून तसेच राहिले. पाचव्या आणि सहाव्या सिलिंडरवरचे थेंब चर्र करून उडाले. पंपाकडून आलेले पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोहोचवणारी एक लांब, भोके पाडलेली पत्र्याची नळी या ब्लॉकच्या पोटात असते. ती गंजून खाल्ली गेली, की सगळे पाणी पुढल्या पुढेच फिरते, मागचे व्हॉल्व्ह कोरडे भाजतात आणि काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पुन्हा रेडिएटर काढला, पाण्याचा पंप काढला आणि ती नळी वाकवलेल्या सळीने ओढायला चार दिवस लागले. ती तुकड्या-तुकड्यांनीच बाहेर आली.

ते तुकडे फेकून नवी नळी सरळ भोके पाडून बनवावी, असे माझे म्हणणे होते. तुम्ही ऐकले नाही. सगळे तुकडे वर्तमानपत्रावर क्रमाने मांडून, जिथे पत्रा उरला नव्हता तिथे शेजारच्या अंतरावरून हिशेब करून, प्रत्येक भोकाची जागा आणि माप तुम्ही पेन्सिलीने उतरवून घेतलेत. भोके समान अंतरावर नव्हती. जिथे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक सर्वांत जास्त तापते, तिथे पाणी नेमके आदळावे, म्हणून कारखान्याने ती तशी पाडली होती. त्या कागदावरून उद्यमनगरात पितळी पत्र्याची नळी तयार झाली, आणि आता वाटीतले थेंब पुढून मागेपर्यंत सारखेच वाळतात. तो कागद मी फ्रेम करून लावला आहे, यावर तुम्ही रागावू नका.

रागावण्यावरून चाकाची सकाळ आठवते. पुढच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट मी आधीच तोडले होते, कारण या गाडीच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे आहेत, हे मला ठाऊक नव्हते. ती चूक तुम्ही हसण्यावारी नेलीत. पण तिसऱ्या दिवशी मी एकटाच बसून, आदल्या रात्री हवा भरलेल्या चाकाच्या डिस्कवरचे बाहेरच्या गोलातले नट सोडू लागलो आणि तुम्ही फाटकातूनच असे ओरडलात, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. त्या डिस्क दोन अर्धांच्या असतात. टायर पंक्चर झाला तरी चाकावरून निसटू नये, म्हणून त्याची कड आत कड्याने दाबून धरलेली असते आणि दोन्ही अर्ध नटबोल्टांनी जखडलेले असतात. ट्यूबमध्ये हवा असताना ते नट सैल केले, तर डिस्कचा अर्धा भाग समोरच्या माणसावर उडतो. माझा चेहरा त्या नटांपासून हातभर अंतरावर होता. तुमच्या वर्कशॉपमध्ये तरुणपणी तुम्ही काय पाहिले होते, ते तुम्ही एका वाक्यात सांगितलेत आणि पुन्हा कधी त्याचा उल्लेख केला नाहीत. मीही इथे करत नाही. त्याच दिवशी पाचही चाकांच्या त्या नटांना तुम्ही माझ्याकडून लाल रंग लावून घेतलात. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांनी या पत्रातले बाकी सगळे विसरले तरी चालेल. लाल रंगाचा डबा मात्र आजच आणावा.

विजेच्या कामाबद्दल फार लिहीत नाही. सहा व्होल्टची व्यवस्था बदलून बारा करून देतो, असे दोघा वायरमननी सांगितले, तुम्ही नको म्हणालात. व्होल्ट निम्मे तर प्रवाह दुप्पट, या साध्या हिशेबाने तुम्ही अंगठ्याएवढी जाड केबल घालून घेतलीत आणि अर्थिंगच्या जागा पत्रा चमकेपर्यंत घासायला लावल्यात. स्टार्टर तेव्हापासून कुरकुरलेला नाही. नोंदणीच्या कागदांची कथा वेगळ्या पत्राची आहे आणि ती या पत्राइतकी गोड नाही.

रंगाच्या बाबतीत तुम्ही मला खरोखर चकित केलेत. मला गाडी लष्करी हवी होती : बॉनेटवर पांढरा तारा, बाजूला आकडे, जशी फोटोंत दिसते तशी. तुम्ही अठ्ठावीस वर्षे वर्दीत काढलेली, त्यामुळे तुम्ही आनंदाने होकार द्याल, अशी माझी खात्री होती. तुम्ही विचारलेत, ही फौजेत किती वर्षे होती? फार तर चार. आणि तुमच्या आजोबांकडे? सव्वीस. मग तारा कुणाचा, असे म्हणून तुम्ही मागच्या फाळक्यावर ओला कपडा फिरवू लागलात. धुळीखालून पिवळ्या अक्षरांत आधी 'श्री जोतिबा प्रसन्न' आणि त्याखाली, थोडेसे वाकडे, 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' उमटत गेले. आजोबांनी ती अक्षरे पेठेतल्या पेंटरकडून काढून घेतली होती, असे आत्या सांगते. बाकी गाडीला आम्ही बिनचमकीचा ऑलिव्ह हिरवा दिला. फाळका मात्र तुम्ही घासू दिला नाहीत. त्यावर फक्त तेलाचा हात फिरवला आहे. तारा नाही.

या सगळ्याचे तुम्ही काय घेतलेत? दर मोसमात गुळाची एक ढेप, तीही "घरी चहाला लागतो" म्हणून. पाने तुमचे, फिलर गेज तुमचे, ग्रीसगनसुद्धा तुमची. एसटीच्या तिकिटाचे पैसे मी खिशात कोंबले, तर पुढच्या खेपेला तेच पैसे डॅशच्या कप्प्यात ठेवलेले सापडायचे. ते सगळे तिथेच आहेत, मी मोजलेले नाहीत.

येत्या १५ ऑक्टोबरला, ईएमईच्या स्थापनादिनी, तुम्हाला आणायला भाचा गाडी घेऊन येईल. डॉज शेताच्या वाटेवर उभी असेल. तुमचा गुडघा लक्षात घेऊन डाव्या बाजूला चढायला एक लाकडी पायरी करून ठेवली आहे. स्टिअरिंग तुम्ही एकदाही हाती घेतलेले नाही, दर वेळी मलाच बसवलेत. डबल क्लच मारताना, म्हणजे गिअर बदलायला क्लच दोनदा दाबताना, माझ्या गिअरचा अजूनही आवाज येतो, तो तुमच्या हातून येतो का, हे मला पाहायचे आहे.

आणि एक काम आहे. डाव्या मागच्या चाकाच्या ब्रेक सिलिंडरमधून पुन्हा थेंब दिसू लागला आहे. मी ड्रम काढलेला आहे, पुढे काहीही केलेले नाही. या वेळी नुसते रबर बदलायचे की सिलिंडर आतून घासून घ्यायचा, ते तुम्ही आल्यावर ठरवू.

तुमचा आज्ञाधारक,
डाजवाल्यांचा नातू