नाव न सांगता मदत करणाऱ्यांचे आभार

पीएच.डी.चा अर्ज, फेलोशिप आणि संशोधन आराखडा शिकवणं याबद्दल साताऱ्या-सांगलीतल्या ज्या सर-मॅडमनी आम्हा शिक्षकांना सल्ला दिला, त्यांचे मनापासून आभार.

पीएच.डी. प्रवेशासाठी नेट परीक्षेचे गुण एकच वर्ष चालतात, म्हणून गाइडकडे (मार्गदर्शक प्राध्यापकाकडे) जागा आहे का ते आधी विचारा, हे त्यांनी बजावलं. प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त 8, सहयोगीकडे 6, सहायककडे 4 विद्यार्थी. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप, महिना 37,000 रुपये. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती वेगळ्या बघाव्या लागतात.

खरी मदत झाली ती आराखड्यात. उदाहरणार्थ, तासगावात ठिबक सिंचनामुळे द्राक्षाचं उत्पन्न वाढलं का? ठिबक असलेल्या आणि नसलेल्यांची नुसती तुलना फसते, कारण ठिबक बसवणाऱ्याची ऐपत बहुधा आधीच बरी असते. म्हणून ठिबकच्या आधीचे आकडेही घ्या. आणि 385 जणांचा नमुना! प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये (लेखी आराखड्यात) तोच, जणू प्रसादच वाटलाय. तो आकडा यादृच्छिक निवडीसाठी, 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के चूक धरून येतो. दहाच गावं निवडली तर एका गावातली उत्तरं एकमेकांसारखी येतात, म्हणून 385 पुरत नाहीत. मग गावं वाढवा, नाहीतर नमुना. प्रश्नावली आधी पंधराएक जणांवर तपासा. ‘उत्पन्न किती?’ विचारलं की कुणी टनात सांगतं, कुणी रुपयात.