ईएसआयच्या दवाखान्यातून मैदानापर्यंत: केंद्रीय श्रम व क्रीडा मंत्र्यांना खुले पत्र

मा. डॉ. मनसुख मांडविया यांस,
सप्रेम नमस्कार.

श्रम आणि क्रीडा ही दोन्ही खाती आपल्या एकट्याकडे आहेत, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहितो आहे. विषय इटलीच्या दिव्यांग खेळाडूंचा आहे, पण त्याची गाठ आपल्या ईएसआयशी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेशी पडते.

पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये भारताने २९ पदकं जिंकली आणि त्याचा आनंद आम्ही मनापासून साजरा केला. त्याच स्पर्धेत इटलीने ७१ पदकं मिळवली, त्यातली २४ सुवर्ण. त्या देशाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या निम्म्याच्या आसपास आहे. हे कसं घडलं म्हणून वाचत गेलो, तर सुरुवात सापडली ती कामगार विम्यात.

कामावर जखमी होणाऱ्यांचा विमा पाहणारी इनाइल नावाची सरकारी संस्था इटलीत आहे. रोमजवळ ओस्तिया इथे समुद्रकाठी १९५७ मध्ये तिने पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांसाठी केंद्र उघडलं. त्याचे प्रमुख होते डॉ. अंतोनिओ माल्यो. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेविलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन खेळातून उपचार करत होते. माल्यो यांनीही तीच वाट धरली. ज्यांना उरलेलं आयुष्य खाटेवर काढावं लागलं असतं, त्यांना पाण्यात उतरवलं, हाती धनुष्य दिलं, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळायला लावलं. याच दोघांच्या खटपटीतून सप्टेंबर १९६० मध्ये रोमला सुमारे ४०० खेळाडूंची स्पर्धा झाली. तीच आज पहिली पॅरालिम्पिक मानली जाते. खेळाडूंच्या निवासात जिने होते, सैनिक व्हीलचेअर उचलून वर-खाली नेत होते. सोय अशी तोकडी होती, तरी पदकांच्या यादीत इटली पहिली आली.

इनाइल तिथेच थांबली नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बोलोन्याजवळ विगोर्सो दी बुद्रिओ इथे तिचं कृत्रिम अवयवांचं केंद्र आहे. तिथे पाय बसवतात आणि तो वापरायलाही शिकवतात, धावण्याचा पायसुद्धा. ४ सप्टेंबर २०२१ रोजी टोकियोत मांडीपासून पाय गमावलेल्या महिलांची १०० मीटरची अंतिम शर्यत झाली. अम्ब्रा साबातिनी १४.११ सेकंदांत पहिली आली, तो विश्वविक्रम ठरला. दुसरी मार्तिना कायरोनी, तिसरी मोनिका कोंत्राफात्तो. तिघी इटलीच्या, आणि तिघींचे पाय बुद्रिओचे. यातली एकही कारखान्यात जखमी झालेली नव्हती. साबातिनी आणि कायरोनी रस्त्यावरच्या अपघातात सापडल्या होत्या. कोंत्राफात्तो सैनिक होती, २०१२ मध्ये अफगाणिस्तानातल्या हल्ल्यात तिचा पाय गेला. त्याच वर्षी लंडनमध्ये धावणाऱ्या कायरोनीला तिने रुग्णालयातल्या टीव्हीवर पाहिलं आणि आपणही धावायचं ठरवलं. कामगारांसाठी उभं केलेलं केंद्र असं सगळ्या देशाच्या कामी आलं.

ही वाट आपल्याकडे अजिबात नाही असं नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेले होकाटो सेमा पुण्यात लष्कराच्या केंद्रात तयार झाले आणि पॅरिसला गोळाफेकीत कांस्य घेऊन आले. जखमी जवानाला मैदानापर्यंत कसं न्यायचं, हे लष्कराने करून दाखवलं आहे. जखमी कामगाराचं काय, हा माझा प्रश्न आहे.

मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात नोकरी करतो. प्रेस मशीनवर बोटं गेली, हात गेला, हे इथे नवं नाही. असं जायबंदी होणारी माणसं बहुतेक तरुण असतात. मेडिकल बोर्ड बसतं, अपंगत्वाचे टक्के ठरतात, पेन्शन सुरू होते. पेन्शनचं मोल मी कमी लेखत नाही, तिच्यावर घरं चालली आहेत. पण पंचविशीतल्या पोराला तेवढंच देऊन घरी पाठवायचं, हे मला पटत नाही. त्याच्या अंगात जोर असतो, वेळही असतो, आणि तू अजून खेळू शकतोस असं सांगणारं कुणी नसतं. पदक येईल न येईल. पाण्यात उतरल्यावर, भाला हातात घेतल्यावर त्याला आपलं शरीर पुन्हा आपलं वाटू लागेल, माझ्यासाठी हे पदकाच्या आधी येतं.

ईएसआय आमच्या पैशावर उभी आहे. जुलै २०१९ पासूनच्या दराने कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात. म्हणून हक्काने मागतो. औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या ईएसआय रुग्णालयात, पुण्यात झालं तर उत्तमच, पुनर्वसनासाठी खेळाचा विभाग सुरू करा. फिजिओथेरपिस्टच्या जोडीला पॅरा खेळांचा प्रशिक्षक नेमा. धावण्याचा पाय आणि खेळाची व्हीलचेअर यांचा खर्च विम्यात धरा. मेडिकल बोर्डाच्या कागदासोबत जवळच्या क्रीडा प्राधिकरण केंद्राची चिठ्ठी जखमी माणसाच्या हातात पडू दे. दोन्ही खात्यांच्या सचिवांना एकत्र बसवायला आपल्याला दुसऱ्या कुठल्या मंत्र्याची संमती लागत नाही. ही बैठक येत्या अर्थसंकल्पाआधी घ्यावी आणि काय ठरलं ते जाहीर करावं, ही विनंती.

आपला,
एक विमाधारक कामगार, पिंपरी-चिंचवड