अ‍ॅबर्डीनला निघण्याआधी: मित्रास पत्र

गंगापूर रोड, नाशिक
रविवार

प्रिय निखिल,

फोनवर तू एकच प्रश्न लावून धरलास: सेवाच करायची तर नाशकात काय कमी आहे, त्यासाठी स्कॉटलंड कशाला? तुझा प्रश्न रास्त आहे आणि दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा नाही, म्हणून सवडीने लिहितोय.

इथे काम नाही असं कोण म्हणेल? रजनीताई लिमयांनी १९७७ मध्ये नाशकात प्रबोधिनीची शाळा काढली, तेव्हा बौद्धिक अक्षम मुलाला पाहुण्यांसमोर न आणणारी घरं सर्रास होती. आज शाळा आहेत, मोठ्या झालेल्या अशा मुलांना काम देणाऱ्या कार्यशाळा आहेत, २०१६ चा कायदा आहे आणि त्यात पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत. पण मी हल्ली सकाळी ज्या कार्यशाळेत जातो, तिथे दुपारी न्यायला येणाऱ्या आया तू एकदा बघ. आपण ‘मुलं’ म्हणतो, त्यातले बरेच तिशी-चाळिशीतले आहेत आणि आया सत्तरीला टेकलेल्या. भाजीच्या भावापासून बोलणं सुरू झालं तरी शेवटी तिथेच येतं: आमच्यामागे याचं काय? भाऊ बघेलही, पण वहिनीवर किती भार टाकायचा? संस्थेत जागा मिळेल का? मिळाली तरी तिथे याला चहा कसा लागतो हे कोण लक्षात ठेवेल?

या प्रश्नाचं एक उत्तर कित्येक वर्षं जगत असलेली माणसं मला त्यांच्यातच राहून बघायची आहेत.

मी स्वयंसेवक म्हणून जातोय ती वसाहत कॅम्पहिलची. तिची गोष्ट तुला सांगायचीच होती. कार्ल क्योनिग हे व्हिएन्नाचे ज्यू कुटुंबातले डॉक्टर. १९३८ मध्ये नाझींमुळे त्यांना देश सोडावा लागला. त्यांच्याभोवती जमलेल्या तरुण निर्वासितांनी अ‍ॅबर्डीनजवळ विशेष मुलांसोबत एकत्र संसार मांडला. १९४० मध्ये युद्धामुळे ब्रिटिश सरकारने त्यांच्यातल्या पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून स्थानबद्ध केलं. पण बायका थांबल्या नाहीत. १ जूनला त्यांनी मुलांसह कॅम्पहिल नावाच्या नव्या जागेत बिऱ्हाड हलवलं. त्याच वर्षी जर्मनीत दिव्यांग माणसांना सरकारी योजना आखून विषारी वायूने मारलं जात होतं. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत हा आकडा सत्तर हजारांच्या पुढे गेला. या दोन गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आज वीसहून जास्त देशांत मिळून अशा शंभरावर वसाहती आहेत. आपल्याकडे बंगळुरूजवळही आहे. दिव्यांग माणसं आणि मदतनीस एका घरात राहतात, एका टेबलावर जेवतात, बागेत, बेकरीत, हातमागावर बरोबर काम करतात. स्वयंसेवकाला पगार नसतो. राहणं, जेवण आणि हातखर्चापुरते पैसे, बस्स.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. चॅरिटी वर्कर व्हिसा जास्तीत जास्त बारा महिन्यांचा मिळतो. क्षयरोग नसल्याच्या दाखल्यासाठी मुंबईला जाऊन छातीचा एक्स-रे काढायचा आहे. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. त्यावरून आई चिडली, “आपण काय चोर आहोत?” मी तिला म्हटलं, ज्याला स्वतःवर झालेला अत्याचार शब्दांत सांगता येत नाही, त्याच्या न्हाणीघरापर्यंत मी जाणार आहे. मग माझी आधी चौकशी व्हायलाच हवी. स्कॉटलंडमध्ये अशा कामासाठी पीव्हीजी नावाची नोंदणी लागते. आपल्याकडेही येणाऱ्या प्रत्येकाची, अगदी प्रेमाने लाडू वाटायला येणाऱ्याचीही, चौकशी व्हावी असं मला ठाम वाटतं.

खरी तयारी कार्यशाळेतच चालली आहे. तिथल्या विशेष शिक्षिकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, “हात मागे ठेवा, आधी विचारा.” तिथल्या एका दादाला शर्टाचं एक बटण लावायला भरपूर वेळ लागतो. लावून देणं मला सोपं आहे, पण मग तो शर्ट त्याने घातलेला राहत नाही. म्हणून थांबायचं, आणि घड्याळाकडेही बघायचं नाही, कारण ते त्याला लगेच कळतं. चाकाच्या खुर्चीवर हलवायचं तर आधी ब्रेक लावायचे, पाय ठेवायची पट्टी वर घ्यायची, कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकायचं आणि ‘आता उचलतो हं’ असं सांगूनच हात लावायचा. फेफरं आलं तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, वेळ बघायची. तोंडात चमचा घालायचा नाही आणि कांदा-चपलेचा वास तर मुळीच द्यायचा नाही. झटका पाच मिनिटांवर गेला तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवायची. आणि चाळिशीतल्या माणसाशी बोबडं बोलायचं नाही. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तू थंडीचं विचारलंस. डिसेंबरात तिथे साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. नाशिकच्या थंडीचं कौतुक करणारे आपण! पण मला त्याची चिंता नाही. काळजी आहे ती परत येण्याची. तिथल्या घरातली माणसं तिथेच राहणार आणि माझ्यासारखे येत-जात राहणार. त्यांनी आजवर किती जणांना निरोप दिला असेल, विचार कर. म्हणून ठरवलंय: जाण्याची तारीख पहिल्यापासून सांगायची, भिंतीवरच्या चित्रांच्या कॅलेंडरवर दाखवत राहायची, ‘नेहमी येत जाईन’ असं कुणालाच म्हणायचं नाही. पत्रं जेवढी खरोखर लिहीन तेवढ्यांचंच वचन द्यायचं.

परत आल्यावर त्या आयांपैकी ज्या तयार होतील त्यांच्याबरोबर बसायचं आहे. चार-पाच जणांचं एक घर साध्या सोसायटीत, किराणा दुकान आणि बसथांबा जवळ असेल अशा ठिकाणी चालवता येईल का? पैसा कुठून येईल, रात्री कोण थांबेल, पालकत्वाची कायदेशीर बाजू कशी सांभाळायची? या प्रश्नांची वही आत्ताच सुरू केली आहे. हिशेबाचा भाग तुझ्याकडे. बँकेतली तुझी इतकी वर्षं मला या कामासाठी हवी आहेत.

दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस आधी ये. कार्यशाळेत पणत्या रंगवायचं काम जोरात असतं, हात कमी पडतात. आणि तुझा तो जाड कोट आण, मला लागेल.

वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझा,
समीर