जांभळा स्वेटर

ब्रेमरहाफेन, जर्मनी, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "एकाही फोटोत मी विणलेला स्वेटर दिसत नाही, आवडला नाही का?" मी "अगं, आवडला" म्हटलं आणि विषय बदलला. तुझा आवाज उतरलेला मला कळला. खरं कारण फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

ती जांभळी लोकर मेंढीची नाही, ॲक्रिलिकची आहे. म्हणजे प्लॅस्टिकचाच धागा. आणि माझं काम समुद्रातल्या बर्फात अडकलेले प्लॅस्टिकचे कण शोधायचं. काम चालू असताना आम्ही शेजारी स्वच्छ पाण्याची एक काचेची बशी उघडी ठेवतो, खोलीतल्या हवेतून काय पडतंय ते कळावं म्हणून. पहिल्याच थंडीत एका संध्याकाळी त्या बशीतलं पाणी गाळून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर दोन जांभळे धागे. केसाहून बारीक, एक टोकाशी वळलेला. बघताक्षणी ओळखले. तेव्हापासून कामावर जाताना अंगावर फक्त सुती कपडे.

बाबा, तुम्ही आठवीच्या मुलांना शिरोड्याची मिठागरं दाखवायला न्यायचात, एकदा मलाही नेलं होतंत. तिथे पाणी उडून जायचं आणि मीठ मागे राहायचं. इथे नेमकं उलटं. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास गोठायला लागलं की बर्फ मिठाला बाहेर ढकलतो. उरलेलं खारट पाणी बर्फातल्या बारीक नळ्यांमधून हळूहळू खाली समुद्रात झिरपतं. मला वाटायचं, प्लॅस्टिकही असंच बाहेर पडत असेल. नाही पडत. खवळलेल्या गार पाण्यात आधी बर्फाच्या बारीक सुया तयार होतात. त्या वर येताना वाटेतले कण गोळा करत येतात. सुयांचा लगदा होतो, लगदा घट्ट होतो, आणि कण आत अडकतात. पुढे बर्फ खालच्या बाजूने वाढत जातो, तेव्हा प्रत्येक थरात त्या वेळच्या पाण्याची खूण राहते. आम्ही बर्फाचा उभा दांडा काढतो, वरचा पृष्ठभाग खरवडून टाकतो, तुकडे करून वितळवतो आणि गाळतो.

हा बर्फ एका जागी थांबत नाही. सायबेरियाच्या किनाऱ्याजवळ तयार झालेला बर्फ प्रवाहाबरोबर उत्तर ध्रुवाकडून वाहत येऊन ग्रीनलँड आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या मधल्या फ्राम सामुद्रधुनीतून बाहेर पडतो. सायबेरियाच्या उत्तरेला १८८१ साली 'जीनेट' हे जहाज बर्फात चिरडलं आणि तीन वर्षांनी त्यातल्या वस्तू ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर सापडल्या. त्यावरून नॉर्वेचा संशोधक नान्सेन याला खात्री पटली की बर्फच त्या घेऊन आला. मग त्याने स्वतःचं 'फ्राम' जहाज १८९३ मध्ये मुद्दाम बर्फात गोठवून घेतलं आणि १८९६ पर्यंत ते जहाज बर्फाबरोबर वाहत गेलं. बाबा, ही गोष्ट तुम्ही वर्गात सांगितली असतीत तर मुलं घंटा झाली तरी उठली नसती.

त्याच वाटेने आता प्लॅस्टिक येतं. इथल्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ आणि २०१५ च्या मोहिमांत आणलेला बर्फ तपासला. २०१८ साली निकाल आले: एका लिटरमागे १२,००० पर्यंत कण, १७ प्रकारचं प्लॅस्टिक. पिशव्यांचं, जहाजांच्या रंगांचं, नायलॉनचं, सिगारेटच्या फिल्टरचंसुद्धा. निम्म्याहून जास्त कण मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा लहान. त्यांच्या अंदाजाने हे कण बर्फात दोन ते अकरा वर्षं राहतात, आणि बर्फ वितळला की मोकळे होतात.

मला सगळ्यात लागलं ते पुढचं. बर्फाच्या खालच्या अंगाला मेलोसिरा नावाचं शैवाल लांब लांब झिपऱ्यांसारखं लोंबतं. आसपासच्या पाण्यापेक्षा त्यात दहापट प्लॅस्टिक असल्याचं २०२३ साली कळलं. ते मेलं की त्याचे गोळे होऊन झपाट्याने तळाशी जातात. जिथे उजेड कधी पोचत नाही, तिथले जीव हेच अन्न खातात. आई, अंगणात गाईला पानं टाकताना तू त्यातली एकेक पिशवी निवडून काढतेस ना? त्यांच्यासाठी निवडून काढणारं कुणी नाही. हा विचार आला की मला रात्री झोप लागत नाही.

म्हणून तुझा स्वेटर कामावर नेत नाही. घरी आल्यावर मात्र रोज घालते, आत्ताही अंगात आहे. फार वेळा धूत नाही, धुताना धागे सुटून पाण्याबरोबर जातात. डाव्या कोपराजवळ एक टाका निसटलाय. पुढच्या रविवारी व्हिडिओवर दाखवीन, तो कसा उचलायचा ते सांग. सुई इथे मिळाली आहे, जांभळा धागा तेवढा बाबांना सांगून पोस्टाने पाठव.

तुमची,
मनू